बिनटाक्याचं ऑपरेशन

ही गोष्ट आमच्या शिवकन्याचं लग्न झालं त्या सालची. शिवकन्या म्हणजे माझा मुलगा कल्याण, त्याची थोरली. साल मला आकड्यात लिहिता येतं. पन्नाशी उलटल्यावर का होईना, साक्षरतेच्या वर्गात बसून शिकलोय. पण वडीगोद्रीत आकडा सांगितला की समोरचा विचारतो, म्हणजे शिवकन्याच्या लग्नाच्या आधी का मागून? त्यापेक्षा लग्नच सांगितलेलं बरं. शिवाय माझ्या पायाची बेअब्रू सुरू झाली ती त्याच लग्नात, आणि गोष्ट जिथं सुरू होते तिथूनच सांगावी. मधूनच सुरू करणारी माणसं मला आवडत नाहीत. आमचा भाऊबंद बद्रीनाथ तसा सांगतो.

तर नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला. नवरीचा आजा म्हणून मला वरातीबरोबर मांडवापर्यंत चालायचं होतं. अंतर काही मोठं नाही, म्हातारा बैलसुद्धा ते रवंथ करत चालून जाईल. पण ग्रामपंचायतीपाशी आलो आणि उजव्या पोटरीत आतून कुणी मूठ आवळावी तसा गोळा आला. मी थांबलो.

म्हाताऱ्या माणसाचा पाय दुखला म्हणून तो थांबला, एवढंच घडलं होतं. पण आमच्याकडं लग्नात म्हातारा माणूस थांबला म्हणजे तो रुसला. दुसरं कारणच धरत नाहीत. बँडवाल्यानं वाजवणं बंद केलं. धावड्याचे आमचे व्याही अण्णासाहेब घाबरून गेले. नवऱ्याकडची माणसं रुसतात हे त्यांना ठाऊक होतं, त्यांचे दोघे चुलते घरूनच रुसायच्या तयारीनं आले होते. पण नवरीचा आजाच रुसला म्हणजे आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं, असं त्यांना वाटलं. ते धावत आले, माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि पाया पडले. मी पोटरी दाखवून सांगत होतो की इथं गोळा आलाय. ते हात जोडून म्हणत होते, लेकराकडं पाहून माफ करा.

आणि या पायाचा हरामखोरपणा पाहा. थोडं उभं राहिलं की दुखणं साफ जातं. टॉवेल-टोपी होईस्तोवर गोळा विरघळला आणि मी चालू लागलो. लोक म्हणाले, पाहा, समजूत पटली. पिठाच्या गिरणीपाशी परत गोळा, परत थांबलो, परत टॉवेल-टोपी. मांडवाच्या दारात तिसऱ्यांदा. टोपीवर टोपी किती घालणार, म्हणून तिथं त्यांनी मला फेटा बांधला. खरे रुसणारे जे चुलते होते, त्यांच्या वाट्याला टॉवेल उरलाच नाही. ते अजून आमच्या घरचं पाणी घेत नाहीत, आणि तो दोषही माझ्या नावावर आहे.

माझ्या बायकोनं, चतुराबाईनं, लग्न पार पडेपर्यंत तोंड मिटून ठेवलं. पाव्हणे गेल्यावर मात्र म्हणाली की नातीच्या लग्नात रुसणारा आजा तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि टॉवेल हवे होते तर आधी सांगायचं, पेटीत पडलेत.

पुढं पाय रोजच अडवू लागला. घरापासून मळ्यापर्यंत माझी थांबायची ठिकाणं ठरून गेली. मी थांबलो की त्या त्या घरचा माणूस बाहेर येऊन सल्ला द्यायचा. आमच्या गावात सोयाबीनवर कोणतं औषध फवारलं विचारलं तर कुणी सांगत नाही, पायाला काय लावावं हे न विचारता सांगतात. कुणी म्हणे वात आहे, कुणी म्हणे कमरेची शीर दबली, कुणी म्हणे उकिरडा ओलांडला असंल. एरंडाची पानं झाली, रेतीचा शेक झाला. एका पाव्हण्यानं पोटरीला मूठभर मीठ बांधायला लावलं. दिवसभर मी लोणच्यासारखा मुरत बसलो.

सगळ्यांवर कडी बद्रीनाथची. बद्रीनाथचं तरुणपणी मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं आहे. त्या काळी माणूस उभा फाडायचे. बरगडीखालून निघून पाठीला वळसा घालणारा त्याचा टाक्यांचा व्रण अख्ख्या गावानं पाहिलाय. बारसं असो, ग्रामसभा असो, तो बनियन वर करतो. त्या एका व्रणावर तो गावचा निम्मा डॉक्टर झालाय. त्याचा इलाज एकच, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकायची. डोकं दुखलं तरी वीट, पाय दुखला तरी वीट.

मी रुसलो नव्हतो हे गावात एकाच माणसानं मानलं. मूलचंद शेठनं.

मूलचंदचं दुकान हायवेला, किराणा आणि भुसार. त्याचे आजोबा राजस्थानातून आले, पण मूलचंदला तिकडचं एक गावसुद्धा धड सांगता येत नव्हतं. इकडं मात्र कुणाच्या वावरातली तूर किती भरेल हे तो बांधावरून सांगायचा. मी अक्षरं शिकलो तेव्हा वाचायचा सराव त्याच्या दुकानातल्या रद्दीवर केला. साखरेच्या पुडीवर अर्धीच बातमी असायची. उरलेली अर्धी शेंगदाण्यांबरोबर कुणाच्या घरी गेली, हे त्याला बराबर आठवायचं. मी त्या घरी जाऊन वाचून यायचो.

मूलचंद पन्नास वर्षं गादीवर मांडी घालून बसला. त्याला शुगर होती. तो जिलबी खायचा आणि वरून गोळी खायचा, म्हणायचा हिशेब बराबर झाला. त्याचाही डावा पाय गार पडलेला, आणि अंगठा जांभळा झालेला. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून तो पायावर पोतं टाकून बसायचा. मला म्हणाला, "तुझा पाय खरंच दुखून राह्यला, मला म्हाईत हे. माझाबी आतून असाच वळतो." त्या दिवशी मी त्याच्या दुकानातून उठलो तेव्हा मला गाव जिंकल्यासारखं वाटलं. एवढ्याशा गोष्टीनं माणसाला किती बरं वाटतं, आणि लोक तेवढीही करत नाहीत.

कल्याणनं मला आणि मूलचंदला जालन्याला नेलं. डॉक्टर तरणा होता. त्यानं बीपीचा पट्टा माझ्या पायाला बांधला. मी म्हटलं, डॉक्टर, दंड इकडं आहे. तो म्हणाला, आबा, दंडाचं आणि घोट्याचं बीपी ताडून पाहायचं असतं. मग दोघांच्या पायांची सोनोग्राफी केली आणि सांगितलं की वात नाही, शीर नाही, रक्ताच्या नळ्या आतून बंद झाल्यात. माझी कमरेच्या खाली ओटीपोटातच तुंबलेली, म्हणून चालताना पोटरीला रक्त पुरत नाही. मूलचंदच्या मांडीतल्या आणि खालच्याही तुंबलेल्या. माझ्या बिड्या बंद, त्याची जिलबी बंद. मग मूलचंदकडं वळून म्हणाला, "शेठजी, आबा महिनाभर थांबले तर चालेल. तुम्ही थांबू नका. हा अंगठा वाट पाहणार नाही."

इलाजही सांगितला. फाडायचं नाही. जांघेत सुईनं बारीक छिद्र पाडून तार आत घालायची, तारेवरून फुगा न्यायचा, नळी फुगवून मोकळी करायची आणि आत जाळी बसवायची. टाका एकही नाही.

हेच नडलं. बाहेर आल्यावर मूलचंद म्हणाला, "रामप्रसाद, मी उभ्या जन्मात नमुना पाह्यल्याबिगर माल उचलला न्हाई. तू आधी जा. तुझं बराबर झालं तर दुसऱ्या दिवशी मी जातो. जबान देतो."

मी म्हटलं, डॉक्टरनं तुला आधी जायला सांगितलंय.

"त्यो विकणारा हे. विकणारा जल्दीच करायला सांगतो."

"म्हंजे मी नमुना?"

"मंग काय. तुझ्याइतका सस्ता नमुना मला कुठं भेटंल."

मी घाई केली ती माझ्या पायासाठी नाही, हे मी इथं लिहून ठेवतो. माझा पाय थांबून थांबून का होईना मळा गाठत होता. घाई त्याच्या अंगठ्याला होती.

संभाजीनगरला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. सरकारी योजनेत बसवायचं तर आधी मशीनवर अंगठा द्यावा लागतो. आता ऐका. आयुष्याची पन्नास वर्षं मी अंगठा दिला. तेव्हा लोक मला अंगठेबहाद्दर म्हणून हसले. मग मी शिकलो, सही शिकलो, ‘प्र’ कसा काढायचा आणि खाली रेघ कशी ओढायची ते घोटून घोटून शिकलो. आणि आता ही खिडकीतली पोरगी म्हणते, सही नको, अंगठा द्या. दिला. मशीन म्हणालं, ओळखत नाही. खुरप्यानं आणि नांगराच्या मुठीनं अंगठ्यावरच्या रेषाच पुसून गेलेल्या. पोरगी म्हणाली हात धुऊन या. धुतले. म्हणाली कोरडे करा. केले. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, लिंबू चोळा. मी तिला विचारलं, बाई, मी समोर उभा आहे, माझा फोटो माझ्यासारखा आहे, सही माझी आहे, मग मी कोण आहे असं तुमच्या मशीनला वाटतं? ती म्हणाली, आजोबा, चिडू नका, सिस्टीम आहे. चिडू नका म्हणणाऱ्या माणसाइतकं चिडवणारं दुसरं काही नसतं. शेवटी डोळ्याचं मशीन आणलं आणि माझ्या डोळ्यावरून मी मीच असल्याचं ठरलं.

मग संमतीचा कागद आला. नर्स म्हणाली, इथं सही करा. मी म्हटलं, वाचतो. वाचायला शिकलोय ते कशासाठी? मी एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायला घेतलं. रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. क्वचित पाय गमवावा लागू शकतो. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला आणि घरी जातो म्हणू लागला. नर्सनं कपाळाला हात लावला. पण मी पूर्ण वाचलं आणि रेघ ओढून सही केली. त्या कागदावरची सगळ्यात सुबक गोष्ट तीच होती.

त्यानंतर एका माणसानं वस्तरा आणला. काय झालं ते मी लिहिणार नाही. सत्तरी पार केलेल्या, दोन वेळा ग्रामपंचायतीवर निवडून गेलेल्या माणसाला पडद्याआड झोपवून जे केलं, ते चतुराबाईलाही मी सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी मी जागा होतो. जांघेत एक सुई टोचली, तेवढीच काय ती कळली. मग आतून ऊन पाणी सोडल्यासारखं वाटलं. ते औषध, नळ्या पडद्यावर दिसाव्या म्हणून. पडद्यावर माझ्या पोटातलं झाड दिसलं, आणि त्याची एक फांदी बुडातच तोडल्यासारखी. मग कमरेत घट्ट दाबल्यासारखं झालं, फुगा फुगवत होते. मी बराच वेळ वाट पाहून विचारलं, डॉक्टर, कधी सुरू करता? ते हातमोजे काढत म्हणाले, "झालं आबा."

पडद्यावर पाहिलं. तुटलेली फांदी जोडली गेली होती. आणि ब्लँकेटखाली माझा उजवा पाय गरम व्हायला लागला. कितीतरी दिवसांनी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला, कारण नर्सला वाटलं दुखतंय. तिनं सुईची जागा हातानं दाबून धरली आणि दिवसभर पाय न वाकवता सरळ पडून राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरी. जांघेत उरला एक ठिपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

गावी आलो. वेशीत गाडी थांबवली, खाली उतरलो आणि सावकाश पण कुठंही न थांबता घरी चालत गेलो. मला वाटलं, लोक पाहतील. लोकांनी पाहिलं, आणि इथूनच घोटाळा झाला.

ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जायची आमच्याकडं पद्धत आहे. लोक बिस्किटाचा पुडा घेऊन येतात, उशाशी बसतात आणि आधी जखम पाहतात. बद्रीनाथनं गावाला ती सवय लावलीये. आता माझी जखम होती कुठं? तर जांघेत. आणि होती केवढी? तर डाळीएवढी. बायाबापड्या, सुना, पाव्हणे बसलेत, आणि मी काय दाखवू? मी म्हणायचो, टाके नाहीत. ते एकमेकांकडं पाहायचे. उषाबाई नावाची माझी चुलत बहीण जांब समर्थहून भेटायला आली होती. तिनं माझे दोन्ही पाय उलटसुलट करून पाहिले आणि आणलेला पुडा पिशवीतून काढलाच नाही. बद्रीनाथ बनियन वर करून म्हणाला, "दादा, ऑपरेशन असं असतं. तुला नुसतं झोपवून सोडलं. भोळा हेस तू." दोन दिवसांत गावात पसरलं की हॉस्पिटलानं रामप्रसादला फसवलं. चौथ्या दिवशी त्यातही सुधारणा झाली. ऑपरेशन झालंच नाही, कारण पायाला काही नव्हतंच. तो लग्नापासूनच सोंग करतोय.

लोकांची ये-जा आणि त्यांची नाराज तोंडं पाहून चतुराबाई हैराण झाली. तिनं माझं काही ऐकलं नाही. मी जेवून डुलकी घेत होतो, तेवढ्यात तिनं पोटरीपासून गुडघ्यापर्यंत पांढरी पट्टी गुंडाळली, वरून थोडं लाल औषध शिंपडलं आणि पायाखाली उशी ठेवली. जागा झालो तर पायाची पालखी झालेली. मी ओरडलो. ती म्हणाली, "गप पडा. लोकाईचं समाधान व्हतं. तुमच्या बाचं काय जातं?"

आणि लोकांचं समाधान झालं. दोन पुडे तर त्याच संध्याकाळी आले. लोक पट्टीकडं पाहून चकचक करत आणि तृप्त होऊन परत जात. मी रागानं भिंतीकडं तोंड करून पडायचो. ते म्हणायचे, फार दुखत असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूलचंद आला. दुकान सोडून तो कुणाकडं जात नसे. रिक्षातून उतरला, पोरगा अमन त्याला धरून. अंगठा काळा पडला होता. त्यानं पायमोजा घालून झाकला होता, पण वासानं मला कळलं. तो खुर्चीवर बसला आणि पट्टीकडं पाहत राहिला.

म्हणाला, "तू तर सांगत होतास, टाका न्हाई, चिरा न्हाई."

मी म्हटलं, नाहीच. ही पट्टी हिनं बांधलीये.

"खोल."

चतुराबाई मध्ये पडली, म्हणाली डॉक्टरनं खोलू नका सांगितलंय. तोच शब्द घातक ठरला. मूलचंदनं स्वतः वाकून पट्टी सोडली. एक वेढा, दुसरा वेढा, सगळे वेढे. खाली माझी पोटरी, जशी देवानं दिली तशी. खरचटल्याची खूणसुद्धा नाही.

इथं मूलचंदचा धंदा समजून घेतला पाहिजे. वर सोन्यासारखी तूर आणि खाली खडे-माती, अशी पोती घेऊन येणारी माणसं त्यानं जन्मभर पाहिली. पोत्याच्या तोंडाशी जे दिसतं त्यावर त्यानं कधी विश्वास ठेवला नाही. तो लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसायचा आणि आतले दाणे हातावर घ्यायचा. वर एक आणि आत एक निघालं की तो त्या माणसाशी भांडत नसे. नुसतं म्हणायचा, घेऊन जा. परत त्याचा माल कधी घेत नसे.

त्यानं पट्टीची गुंडाळी करून माझ्या उशाशी ठेवली. चतुराबाईला चहा नको म्हणाला आणि निघून गेला.

मी त्या दिवशी घरात जे बोललो ते चतुराबाईनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. तीही रडली. म्हणाली, मला काय म्हाईत शेठ खोलून पाहील.

मी धोतर नेसलो आणि हायवेला निघालो. ग्रामपंचायत गेली, गिरणी गेली, माझी सगळी थांबायची ठिकाणं मागं पडली. लोक ओट्यावर उभे राहिले. मी रागात होतो, पायाकडं लक्षही नव्हतं. दुकानात शिरलो तेव्हा गिऱ्हाईक होतं, बद्रीनाथही तेलाचा डबा घेऊन उभा होता. मी मूलचंदला म्हटलं, घरापासून इथपर्यंत थांबलो नाही. हा तुझा नमुना.

तो म्हणाला, "चालतोस, दिसतंय. पण तू आधी लंगडतच नसशील तर? लग्नात रुसला होतास म्हणतात. मी तुझ्यावर इतबार ठेवला. मंग पट्टी खोटी निघाली. लंगडणं खोटं, पट्टी खोटी, मंग ऑपरेशन खरं कशावरून?"

मी त्याला परखी दाखवली. भिंतीला टेकवलेलीच होती. म्हटलं, तू पोत्याचे टाके उसवतोस का? एक छिद्र पाडतोस, आतलं काम करतोस, छिद्र मिटून जातं. त्यांनी मला हेच केलं.

त्याची नजर परखीवर गेली. तेवढ्यात बद्रीनाथ म्हणाला, "शेठ, छिद्र तर दाखवू द्या."

मग मी ते केलं. हायवेच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, दिवसाढवळ्या, सत्तरी पार केलेल्या माणसानं धोतराचा सोगा बाजूला केला आणि जांघेतला ठिपका दाखवला. एका बाईनं तोंड फिरवलं. ट्रकचा क्लीनर हसला. मी मूलचंदकडंच पाहत होतो.

मूलचंदनं चष्मा लावला, वाकला, पाहिलं. म्हणाला, "मच्छर चावलंय."

सगळे हसले. तोही हसला, आणि हसताना त्यानं पाय पोत्याखाली ओढून घेतला. मी धोतर सारखं केलं. म्हटलं, शेठ, अंगठा वाट पाहणार नाही. तो म्हणाला, मला शिकवू नको, बद्रीनाथनं इलाज सांगितलाय.

इलाज म्हणजे वीट. शुगरच्या पायाला काही कळत नाही. संतोषबाईनं, त्याच्या बायकोनं, तापलेली वीट फडक्यात बांधून तळव्याला धरली. मूलचंद म्हणाला अजून गरम कर, काही लागत नाही. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. मग सूज चढत गेली. अमन रोज म्हणत होता चला, तो रोज म्हणत होता पाहू. मी दुकानासमोरून दररोज एक चक्कर मारायचो, मुद्दाम न थांबता, त्याला दिसावं म्हणून. त्यानं एकदाही हाक मारली नाही.

ताप चढून शुद्ध हरपली तेव्हा त्याला संभाजीनगरला नेलं, माझ्याच डॉक्टरकडं. डॉक्टर म्हणाले, आधी आले असते तर नळ्या मोकळ्या केल्या असत्या, बोट गेलं असतं, पाय राहिला असता. आता विष वर चढलंय. मांडीतून पाय काढला.

मी भेटायला गेलो. बिस्किटाचा पुडा नेला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला पाहून त्यानं अमनला चादर बाजूला करायला लावली. जाड पट्टी होती, कडेनं टाके दिसत होते, काळ्या दोऱ्याचे.

म्हणाला, "पाहून घे रामप्रसाद. ह्याला म्हणतात ऑपरेशन."

मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही. मी त्याला खूप शिव्या दिल्या, तिथंच, खाटेशी बसून. त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "नमुना बराबर होता. माझीच परखी चुकली." आणि माझ्या उजव्या पावलावर हात ठेवून पाहिला, गरम आहे का म्हणून.

त्याला गावी आणलं आणि तिरडी दुकानासमोरून नेली. मी सगळी वाट चाललो. खांद्यावर शिवकन्याच्या लग्नातला टॉवेल होता. ग्रामपंचायतीपाशी आलो आणि मी थांबलो. पाय दुखत नव्हता. मूलचंदवर, बद्रीनाथवर, त्या पांढऱ्या पट्टीवर, अख्ख्या गावावर माझा राग होता आणि मला एक पाऊलही पुढं टाकायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी खरोखर रुसलो होतो. समजूत घालायला कुणी आलं नाही. थोड्या वेळानं बद्रीनाथ माघारी आला. त्याचे डोळे लाल होते. हळूच म्हणाला, "दादा, पाय दुखून राह्यला का?"

मी म्हटलं, हो. आणि त्याचा हात धरून पुढं चालू लागलो.

मूलचंद शेठ, वडीगोद्रीचे भुसार व्यापारी, माझा दोस्त, शिवकन्याच्या लग्नाच्या सालीच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी वारला.